होडीतलं पहिलं पाऊल

हट्टीपणासाठी एखादी सरकारी योजना निघाली असती, तर माझ्या धाकट्या भावाला, मानाजीला, त्यात शंभर टक्के अनुदान मिळालं असतं. तशी योजना नाही, म्हणून बिचाऱ्याला बोटीच्या योजनेत अर्ज करावा लागला. खरं सांगायचं तर तोही त्याने केला नाही, त्याच्या बायकोने, भवानीबाईने केला.

मी मानाजीची थोरली बहीण. घरीदारी सगळे मला माई म्हणतात. धारला माझं शिवणकामाचं दुकान आहे, लहानसं, पण गिऱ्हाईक सासूपासून सुनेपर्यंत तेच टिकून राहणारं. मार्च संपत आलेला. दुपारी ब्लाऊजला हुक लावत बसले होते, तेव्हा मानाजी पायरीवर येऊन उभा राहिला. हातात पिशवी, पिशवीत बर्फात घातलेली कतला. माझा भाऊ रिकाम्या हाताने आला तर भेटायला आलेला असतो आणि मासा घेऊन आला तर काम असतं. मी सुई खाली ठेवली.

"माई, गुरुवारी पिपलीघाटला यायचं," तो म्हणाला. "बोटीत बसायला."

"कोणाच्या बोटीत?"

"माझ्या. अजून कोणाच्या?"

"कागदावर तर भवानीचं नाव आहे म्हणतात."

"कागदाला काय, पाण्यात कागद जातो का?" तो चिडला. हे त्याचं दुखरं बोट होतं आणि मी मुद्दामच त्यावर पाय दिला होता. बायकांच्या नावाने अर्ज केला तर अनुदान जास्त मिळतं आणि बँकेचं कर्ज कमी पडतं, हे भवानीने मच्छीमार सोसायटीत नीट ऐकून घेतलं आणि त्याला न विचारता अंगठ्याऐवजी चक्क सही करून आली. मानाजी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला, की होडी काय शिलाईमशीन आहे बायकोच्या नावावर घ्यायला! हे त्याने माझ्या दुकानात बसून सांगितलं, माझ्या मशीनसमोर.

आता मी कशाला हवी होते, तेही सांगते.

आम्ही भोई. आमचे पूर्वज मराठ्यांबरोबर माळव्यात आले. दरबारातल्या बायकांच्या पालख्या खांद्यावरून न्यायच्या आणि नर्मदा आडवी आली की त्याच पालख्या होडीत घालून पलीकडे पोचवायच्या, हे त्यांचं काम. पुढे दरबार गेला, पालख्या गेल्या, होड्या तेवढ्या राहिल्या. मग खाली धरण झालं, पाणी चढलं, आमचा जुना पिपलीघाट बुडाला आणि कुक्षीच्या खालच्या अंगाला टेकाडावर नवी वस्ती बसली. पोरं हिंदी शाळेत गेली. आमच्या बोलण्यात हिंदी नि माळवी इतकी मुरली, की महाराष्ट्रातला पाहुणा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा आम्ही त्याची थट्टा करतोय असं त्याला वाटतं. पण एक रीत आम्ही जशीच्या तशी ठेवली आहे. नवी होडी पाण्यात उतरली की तिच्यात पहिलं पाऊल घरच्या लेकीचं. मालकाचं नाही, सुनेचं नाही. लेक सासरी जाते, पण माहेरची वाट विसरत नाही. लेकीचं पाऊल लागलेली होडीही कुठेही गेली तरी काठाला परत येते, असं आमची माणसं मानतात.

लेक बसली की बाप वल्हं मारत तिला एक फेरी मारून आणतो. काठ सोडल्यापासून काठाला लागेपर्यंत वल्हवणाऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. परत आल्यावर काठावरून आई विचारते, "कोण गे आली?" लेक म्हणते, "लेक आली." "कुठून आली?" "पाण्यावरून आली." "कशी आली?" "सुखरूप आली." मग आई होडीला हळदकुंकू लावते, काठावरची बाई दोरी धरून होडी ओढून घेते आणि त्यानंतर ती कोणाचीही होडी होते, मालकाची, सोसायटीची, बँकेची.

मानाजीच्या जुन्या लाकडी होडीत पहिलं पाऊल त्याच्या मुलीचं, शिखाचं पडलं होतं. तेव्हा ती इतकी लहान होती की उत्तरं मी तिला काठावरून सांगत होते आणि ती ती चुकीच्या क्रमाने म्हणत होती. "सुखरूप आली," तिने आधीच सांगून टाकलं. सगळे हसले. मानाजी इतका हसला की वल्हं हातातून सुटलं.

तीच शिखा आता देवासला असते. एका कारखान्यात पॅकिंगला जाते. नवरा अनीश शांत, कामसू मुलगा आहे. काही वर्षांपूर्वी ती पिपलीघाटला आली असताना बापाची होडी तिने पाहिली. तळाच्या फळ्या कुजलेल्या, डांबर फासून फासून जाड झालेल्या. एक दिवस तो भर पाण्यात बुडता बुडता वाचला आणि आपण वाचल्याची गोष्ट हसत हसत सांगत घरी आला. पोरगी हसली नाही. देवासला गेली आणि तिथे त्याच्यासाठी नोकरी ठरवूनच परत आली. कारखान्याच्या गेटवर बसायचं, रात्रपाळी नाही, राहायला तिच्याकडेच. त्याच्या मापाचा खाकी गणवेशसुद्धा घेऊन आली. तो मीच शिवला होता आणि आजही सांगते, फिटिंग उत्तम होतं.

तिने म्हटलं, "बाबा, ये काम छोडो आता. मला रात्री झोप नाही येत."

त्याने यातून ऐकलं काय, तर 'मी आता कामाचा राहिलो नाही आणि पोरीने मला दारावर बसवलं.' झोपेचं त्याच्या कानातच शिरलं नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या होडीत परत पाय ठेवायचा नाही." शिखा संध्याकाळच्या बसने गेली. तेव्हापासून ती पिपलीघाटला आली नाही. भवानीच अधूनमधून देवासला जाऊन यायची. परत आली की मानाजी तिला सगळ्या जगाचं विचारायचा, पाऊस किती झाला, सोयाबीनला भाव काय, पोरीचं सोडून. आणि भवानी पोरीचं सगळं सोयाबीनच्या भावात घालून सांगायची.

ती जुनी होडी मागच्या पावसाळ्यात शेवटी बुडालीच. माणूस वाचला. त्यानंतर तो ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून जाळं टाकायला जाऊ लागला. भवानीने अर्ज केला तो तेव्हा.

बोट आली, फायबरची, निळी, चकचकीत. आता अनुदानाचा दुसरा हप्ता राहिला होता. तो कधी मिळणार, तर साहेब येऊन बोट पाण्यावर, लाभार्थी बोटीत, असा फोटो काढतील तेव्हा. सरकारी कागदात याला 'भौतिक सत्यापन' म्हणतात. साहेब येणार गुरुवारी. मार्चअखेर उलटली की पैसे परत जाणार आणि सगळा भार बँकेच्या कर्जावर येणार. आणि बोट वस्तीवरच्या निंबाखाली कोरडीच पडली होती, कारण तिच्यात पहिलं पाऊल टाकायला लेक नव्हती.

"तू पण या घरची लेक आहेस," मानाजी म्हणाला. "आपल्या आबांच्या होडीत तूच बसली होतीस. रीतीत बसतं."

बसत होतं. आढेवेढे घ्यायला काही कारण नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. ट्यूबवर बसून बसून त्याच्या पायांची कातडी पांढरी पडली होती. मला त्याची दया आली आणि मग त्याहून जास्त राग आला.

"माझा गुडघा दुखतो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

"माई, मस्करी नको. काम अटकलंय."

"मग जिचं काम आहे तिला बोलाव ना."

तो उठला. कतला ठेवून गेला, एवढं मात्र खरं. रागातही त्याचा हात आखडत नाही. तो बसस्टँडपर्यंत पोचला नसेल, तोवर मी बदनावरला प्रियांकाला फोन लावला. प्रियांका आमच्या चुलतभावाची, रघुजीची मुलगी. मानाजी आता तिच्याकडे जाणार हे मला ठाऊक होतं. नंतर भाऊकीतल्या उरलेल्या लेकींनाही एकेक फोन केला. त्या आठवड्यात आमच्या सगळ्या माहेरवाशिणींचे गुडघे दुखायला लागले. एकीला तर पंचविशीतच संधिवात झाला. मानाजी फोन ठेवून रघुजीला म्हणाला म्हणे, "भिया, आपल्या खानदानात पोरींची हाडंच कच्ची निघाली."

मी बुधवारीच पिपलीघाटला पोचले. पिशवीत ठेवणीतलं लुगडं आणि कुंकवाची डबी घातली होती. भावाची बोट माझ्या हट्टापायी जावी इतकी मी दुष्ट नाही. शिखा आलीच नाही, तर ऐन वेळी गुडघा बरा करायचा हे मी ठरवून गेले होते. पण ते त्याला कशाला सांगायचं?

भवानी चुलीपाशी भाकरी थापत होती. मला पाहून हसली. "वन्सं, गुडघा कसा आहे?"

"तुझ्या नवऱ्याच्या स्वभावासारखा. वाकत नाही."

मानाजी ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं, नुसताच गाठी चाचपत होता. "रीत बीत राहू द्या," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. "उद्या साहेब आले की भवानी सरळ बोटीत बसेल, फोटो होईल, खेळ खतम."

भवानीने भाकरी तव्यावर टाकली. ती आयुष्यात नवऱ्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती आणि तेव्हाही बोलली नाही. "मी नाही बसणार," तिने इतकंच सांगितलं. "बोट माझ्या नावावर आहे. लेकीचं पाऊल पडल्याशिवाय मी तिला पाण्यात जाऊ देणार नाही. तुम्ही परत ट्यूबवर जायचं तर जा."

"हप्ता जाईल!"

"जाऊ द्या. होडीने तुम्हाला परत आणलं नाही, तर हप्ता घेऊन मी काय करू?"

मानाजी जाळं बाजूला ठेवून उठला. अंगणात एक चक्कर मारली, बोटीपाशी गेला, तिच्यावरचं पान उचलून फेकलं, परत आला. मग खिशातून फोन काढला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो आणि तरीही ओरडून बोलतो. त्यामुळे आम्हाला कान लावावे लागले नाहीत.

"हॅलो," तो ओरडला. "मी पिपलीघाटहून बोलतोय."

 पलीकडून शिखा हळूच म्हणाली, "हां, बाबा."

माझ्या भावाने घसा साफ केला आणि थेट सरकारी भाषा सुरू केली. "कल बोटीचं भौतिक सत्यापन आहे. अकरा बजे. त्यासाठी घरच्या मुलीची उपस्थिती आवश्यक आहे."

भवानीने कपाळावर हात मारला. तिच्या कपाळाला पीठ लागलं.

"कोणाच्या मुलीची?" शिखाने विचारलं.

यात भांडण नव्हतं. तिने ते अगदी साधेपणाने विचारलं, दुकानात एखाद्या वस्तूचा भाव विचारावा तसं. मानाजी फोनकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. मी मनात म्हटलं, बोल रे, एकच शब्द आहे. त्याने फोन बंद केला.

त्या संध्याकाळी आम्ही कोणी फारसं जेवलो नाही. मी एकटीने पुन्हा फोन लावला असता, पण शिखाचा प्रश्न मला विचारलेला नव्हता. त्याचं उत्तर मी देऊन काय उपयोग?

सकाळी वस्तीतले पुरुष बोटीभोवती जमले. आमच्याकडे होडी ट्रॉलीत घालून घाटावर नेत नाहीत. दोन बांबूंवर बांधतात आणि पालखीसारखी खांद्यावरून नेतात. पुढच्या भोयाला वाट दिसते, मागच्याला समोर फक्त होडी दिसते. म्हणून पुढचा ओरडून सांगत जातो आणि मागचा ऐकल्याचं सांगतो. पुढे मानाजी, मागे रघुजी. मानाजीने अंगात काय घातलं होतं, तर तोच खाकी शर्ट. मी शिवलेला. कोपरांवर विरला होता, कॉलर उन्हाने पांढरी पडली होती. तो हा शर्ट रोज पाण्यावर घालत होता, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"हा कुठून काढलास?" मी विचारलं.

"कापड चांगलं आहे," तो म्हणाला आणि खांदा बांबूला लावला.

"पुढे दगड!"

"कळला!"

"डावा उतार!"

"आला!"

असं करत बोट टेकाडावरून खाली निघाली. मत्स्य विभागाचे निरीक्षक मोटारसायकलवरून आले होते. अर्पित नावाचा तरणाताठा मुलगा, धारहून आलेला, डोक्यावर रुमाल बांधलेला. तो आमच्या मागेमागे चालत होता आणि पाच-पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. त्याला त्या दिवशी आणखी दोन गावं करायची होती. घाटावर बोट पाण्यात उतरली, तरंगली, डुलली. सगळ्यांचे चेहरे उजळले. आणि साहेबांनी घाईघाईत बुटासकट एक पाय उचलला, आत ठेवण्यासाठी.

"अरे रुक!" सगळा घाट ओरडला. बायका, पोरं, रघुजी, मी. बिचारा एका पायावर उभाच राहिला.

"क्या हुआ?"

"पहिलं पाऊल लेकीचं," भवानीने त्याला समजावलं. "हमारी बेटी का."

"तो बिटिया कहाँ है?"

 सगळे वरच्या रस्त्याकडे बघू लागले. ऊन चढत होतं. अर्पितने लाइफ जॅकेट भवानीच्या हातात दिलं, ते तिने घडी करून पोटाशी धरलं, पण घातलं नाही. मानाजी गुडघाभर पाण्यात बोट धरून उभा होता, पाठ आमच्याकडे. मी पिशवीतली कुंकवाची डबी चाचपली. आता आपणच उठावं असं म्हणून मी हात टेकवला, तेवढ्यात वरून एक जुनी पांढरी व्हॅन धूळ उडवत उतरताना दिसली.

शिखा आली होती. पहाटेच निघाली असणार. अनीश गाडी चालवत होता, त्याचे डोळे लाल झाले होते. ती खाली उतरून आली, आईच्या पाया पडली, माझ्या पाया पडली. "आत्या, गुडघा?" तिने कानात विचारलं. बदनावरहून बातमी देवासलाही पोचली होती तर! मी तिला चिमटा काढला.

मग ती पाण्याच्या काठाशी जाऊन थांबली. बाप पाण्यात, ती कोरड्यात.

"आईच्या बोटीसाठी आले मी," ती म्हणाली. तिचं मराठी अडखळतं. "पण तुम्ही बोलले होते, तुमच्या होडीत पाय नाही ठेवायचा."

 भवानी पुढे झाली. "साहेब," तिने अर्पितला विचारलं, "ही बोट किसकी है?"

अर्पितने फाईल उघडली. त्याला वाटलं, सत्यापनच सुरू झालं. "हितग्राही श्रीमती भवानीबाई," त्याने खणखणीत आवाजात वाचलं.

"ऐकलं?" भवानी म्हणाली. "यांची होडी मागच्या पावसाळ्यात बुडाली. यांचं बोलणं तिच्याबरोबर बुडालं. ही माझी आहे. मी बोलावते, ये."

काठावर हशा झाला. रघुजी सगळ्यात मोठ्याने हसला. शिखाच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं नाही. ती बापाच्या पाठीकडे बघत होती. त्या खाकी शर्टाकडे, विरलेल्या कोपरांकडे. तिने तो ओळखला असणार, कापड तिनेच निवडलं होतं. तिने चपला काढल्या. भवानीने तिच्या पायांवर पाणी घातलं, मी कुंकू लावलं, आणि ती काठावरच्या दगडावर उभी राहिली.

मानाजीने बोट दगडाला लावली आणि गुडघ्याने दाबून स्थिर केली. वर न बघता त्याने हात पुढे केला. "सांभाळून," तो म्हणाला. "नवी आहे, हलते."

इतक्या वर्षांनी समोरासमोर बोललेले हे त्याचे पहिले शब्द. शिखाने तो हात धरला आणि पाऊल आत टाकलं. निळ्या फायबरवर कुंकवाचा पाय उमटला. मग मानाजी चढला, वल्हं घेतलं आणि बोट काठापासून सुटली.

ती फेरी फार लांबची नसते. पाण्यातून एका जुन्या देवळाचा कळस वर आलेला आहे, मार्चमध्ये तो दिसतो. तिथपर्यंत जायचं आणि वळायचं. पुढे शिखा, मागे वल्हवणारा बाप. रीतीप्रमाणे तो बोलणार नव्हता आणि ती मागे वळून बघणार नव्हती. आम्हाला दुरून एवढंच दिसत होतं, की तो फार हळू वल्हवतोय. एरवी मासे पळून जातील म्हणून घाई करणारा माणूस, पण आज पाणी ढवळू नये अशा बेताने वल्हं घालत होता. अर्पितने एकदा घड्याळ पाहिलं, मग फोन खिशात ठेवला आणि तोही बघत उभा राहिला.

बोट वळली. जवळ आली. भवानी काठावर हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी राहिली. तिचा आवाज नेहमी बारीक, पण त्या दिवशी तो सगळ्या घाटाला ऐकू गेला.

"कोण गे आली?"

शिखाने तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. तिला उत्तर आठवत नव्हतं की आठवून बोलवत नव्हतं, मला सांगता येणार नाही. तिने ओठांवर हात ठेवला आणि तिचे खांदे हलायला लागले. लहानपणी सांगितलं होतं तसं आताही सांगावं म्हणून मी पुढे झाले. "लेक आली, म्हण," असं म्हणणारच होते.

"माझी," मागून आवाज आला. वल्हवणाऱ्याने बोलायचं नसतं. मानाजीने वल्हं आडवं ठेवलं होतं आणि तो पोरीच्या पाठीकडे बघत होता. "माझी लेक आली."

 भवानीने पुढचे प्रश्न विचारायचे होते, कुठून आली, कशी आली, पण ती ताट खाली ठेवून डोळ्यांना पदर लावत होती. शिखा मागे वळली. रीतीत तेही बसत नाही. बाप तिला म्हणाला, अगदी हळू, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "कल फोनवरच सांगायचं होतं. जमलं नाही."

"ठीक आहे, बाबा," शिखा म्हणाली. "शर्ट छान दिसतो."

"कापड चांगलं आहे," तो म्हणाला आणि रडायला लागला.

आता दोरी कोणीतरी धरायला हवी होती. सगळे नुसते उभे. बोट काठापासून हातभर अंतरावर तशीच डुलत होती आणि पुन्हा मागे जायला लागली होती. मी लुगड्याचा काठ खोचला, धडाधडा पाण्यात उतरले, दोरी धरली आणि माझा भाऊ, माझी भाची आणि भवानीची बोट अशा तिघांनाही एका झटक्यात काठाला ओढून घेतलं.

मानाजीने डोळे पुसले. माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माई," तो म्हणाला, "तुझा गुडघा?"

"कोणता गुडघा?" मी म्हटलं आणि साहेबांना फोटो काढायला सांगितलं.